केसांची रचना, शाम्पू आणि कंडिशनर

केस : केराटिन या प्रथिनाचा बनलेला, त्वचेतून उगवणारा तंतू. त्याचा जिवंत भाग त्वचेखाली, केशकूपाच्या तळाशी असतो. तिथल्या पेशी विभागत वर सरकतात, केराटिनने भरतात आणि त्वचेबाहेर येईपर्यंत मरतात. डोक्यावर दिसतो तो केस निर्जीव असल्याने एकदा झालेली झीज आतून भरून येत नाही. शाम्पू आणि कंडिशनर यांचा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर असते. त्याचा बहुतेक भाग बाह्यकाचा, म्हणजे कॉर्टेक्सचा असतो. केसाची ताकद आणि मेलॅनिनमुळे येणारा रंग याच थरात असतात. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात, तर त्यांच्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ओला केस फुगतो, जास्त ताणला जातो आणि विंचरताना सहज तुटतो, तो यामुळे. गाभ्यातला मध्यक बारीक केसांत पुष्कळदा नसतोच.

बाहेरचे आवरण म्हणजे क्यूटिकल. छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले पातळ, पारदर्शक खवले, मोकळी कड टोकाकडे. मुळाशी त्यांचे सहा ते दहा थर असतात. पृष्ठभागाला घट्ट जोडलेला स्निग्धाम्लाचा अतिसूक्ष्म लेप केसाला तुळतुळीतपणा देतो आणि पाणी दूर ठेवतो. केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांब वेणीच्या टोकाने जवळजवळ पाच वर्षांचे ऊन, घासणे आणि धुणे सोसलेले असते. तिथे खवले बरेचसे झिजून गेलेले असतात.

शाम्पूतील सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या पृष्ठसक्रिय रेणूंचे एक टोक तेलाकडे, दुसरे पाण्याकडे ओढले जाते. हे रेणू डोक्याच्या त्वचेतून स्रवलेले तेल आणि त्याला चिकटलेली धूळ वेढून पाण्याबरोबर वाहून नेतात. साबण हेच काम करतो, पण तो अल्कधर्मी असल्याने केस अधिक फुगतो. शिवाय विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिनही मळ सोडवते. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने केसांना साबणापेक्षा मानवते.

धुतलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, आणि झिजलेल्या जागी तो जास्त. कंडिशनरमधील सेट्रिमोनियम क्लोराइडसारखी द्रव्ये धनभारित असतात. ती केसाला चिकटतात, आणि नेमकी जिथे गरज आहे तिथे अधिक चिकटतात. मेदअल्कोहोल आणि सिलिकोन यांच्या जोडीने तयार होणारा पातळ थर खवले बसवतो, घर्षण कमी करतो आणि भुरभुरणे थांबवतो. गुंता कमी झाला की तुटणेही कमी होते. हा लाभ खरा आहे, पण तो पुढच्या काही धुण्यांपुरताच. ‘मुळापासून पोषण’ हा जाहिरातीतला दावा केसाच्या रचनेशी जुळत नाही.

नहाण्याआधी खोबरेल लावण्याच्या घरोघरच्या रिवाजाला मात्र प्रयोगाचा आधार आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने केसातील प्रथिनांची घट कमी झाली. खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांत हा गुण आढळला नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाच्या लहान, सरळ साखळ्या केसाच्या आत शिरू शकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

यावरून वापराची रीत ठरते : शाम्पू डोक्याच्या त्वचेला चोळावा, कंडिशनर केसांच्या लांबीला आणि टोकांना लावावा, ओले केस ओढून विंचरू नयेत. फाटे फुटलेले टोक कंडिशनरने तात्पुरते चिकटते. ते कायमचे सांधणारे कोणतेही द्रव्य नाही, म्हणून असे टोक कापावेच लागते.