व्हॉट्सॲपवर फोटोत आलेला क्यूआर कोड कसा वाचायचा? घाई नको, आधी हे वाचा

किन्हवली : दुकानातल्या काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करणं आता सगळ्यांनाच जमतं. पंचाईत होते ती कोड व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला की. घरात मोबाईल एकच, कोड त्याच्याच स्क्रीनवर, आणि कॅमेराही त्याचाच. मग शेजारच्याचा फोन मागायचा, नाहीतर ब्राउझरमध्ये ‘क्यूआर स्कॅनर’ असं टाकून जी पहिली वेबसाईट येईल तिच्यावर फोटो टाकून मोकळं व्हायचं. शहापूर-मुरबाडकडच्या अनेक वाचकांची हीच अडचण आहे, म्हणून ही माहिती.

कोडमध्ये असतं काय?

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत लिहिलेला मजकूर, बाकी काही नाही. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने १९९४ मध्ये गाड्यांचे सुटे भाग मोजण्यासाठी तो बनवला. त्या मजकुरात वेबसाईटचा पत्ता असू शकतो, यूपीआय आयडी असू शकतो, किंवा नुसता एखादा क्रमांक. नुसता वाचल्याने खात्यातले पैसे जात नाहीत. वाचल्यानंतर आपण कुठे बोट लावतो, तिथे खरा धोका आहे. म्हणून पहिलं काम एकच : कोडमधला मजकूर आधी डोळ्यांनी बघायचा, मग उघडायचं की नाही ते ठरवायचं.

बारकोड म्हणजे उभ्या रेघांचा. तो त्याहून साधा. साबणाच्या किंवा बिस्किटाच्या पुड्यावर असतात ते १३ अंक. ८९० ने सुरुवात असेल तर तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला, एवढंच कळतं. ‘माल भारतातच बनला’ असा त्याचा अर्थ नाही, आणि किंमतही त्यात नसते.

फोटोतला कोड वाचायचे मार्ग

कोड पैशाचा असेल तर ब्राउझरकडे जाऊच नका. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये स्कॅनर उघडला की गॅलरीतून फोटो घ्यायची सोय असते, ती वापरा. समोर नाव येईल ते नीट वाचा. दुकान गावातलं आणि नाव भलत्याच माणसाचं दिसलं, तर फोन करून विचारा.

कोड कसला ते ठाऊक नसेल तर क्रोममध्ये फोटोवर बोट दाबून धरा, गूगल लेन्सचा पर्याय येतो. गूगल फोटोजमध्येही लेन्सचं बटण आहे. आतला पत्ता स्क्रीनवर दिसतो, लगेच टॅप करायची गरज नाही. मात्र लेन्समध्ये तुमचा फोटो गूगलकडे जातो, हे लक्षात असू द्या.

तिसरा मार्ग, फोटो टाकून कोड वाचून देणाऱ्या वेबसाईट. यात दोन जाती आहेत. काही फोटो तुमच्या फोनमध्येच वाचतात, काही तो त्यांच्या सर्व्हरवर चढवतात. ओळखायची एक युक्ती आहे. पान पूर्ण उघडू द्या, मग फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि फोटो निवडा. तरीही कोड वाचला गेला, तर वाचायचं काम फोनमध्येच झालं. काम झाल्यावर ते पान बंद करून मगच नेट चालू करा. अशा पानांवर ‘डाऊनलोड’, ‘स्टार्ट’ अशी मोठी बटणं दिसतात, ती बहुतेक जाहिराती असतात. मोबाईल नंबर मागितला किंवा ॲप टाकायला सांगितलं, तर सरळ बाहेर पडा.

फोटो वाचलाच जात नसेल तर बहुतेक वेळा चूक कापण्यात असते. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन आणि भोवतीची पांढरी कड फोटोत हवीच. मधे थोडा डाग असला तरी चालतं. व्हॉट्सॲपवर फोटो धूसर होतो, म्हणून समोरच्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

आधारचा कोड कुठेही टाकू नका

बरेच जण आधार पाठवताना नंबरवर बोट ठेवून फोटो काढतात आणि क्यूआर मात्र उघडाच ठेवतात. त्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छोटा फोटोसुद्धा असतो. तो झाकल्याशिवाय फोटो कुणाला पाठवू नये आणि कुठल्याही वेबसाईटवर टाकू नये. तपासायचाच असेल तर आधार प्राधिकरणाचं अधिकृत ॲप आहे.

पैसे ‘घेण्यासाठी’ स्कॅन?

पेंढा, शेळी, जुनी मोटारसायकल विकायची जाहिरात टाकली की फोन येतो : “ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” इथेच थांबा. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. घेताना पिनही लागत नाही आणि स्कॅनही. हा फोटो घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाईलवरही येतो, त्यांना हे एक वाक्य पाठ करून द्या.

दुसरा डाव वेबसाईटच्या पत्त्याचा. पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग वाचा, आणि तोही शेवटाकडून. सरकारी पत्ता बहुधा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ ने संपतो. ‘पीएमकिसान’, ‘जीओव्ही’ हे शब्द मधे कुठेतरी आणि शेवट भलताच, तर ते पान सरकारी नाही. कोड उघडल्यावर एपीके फाईल उतरू लागली तर ती टाकू नका, लगेच पुसा. आणि ‘व्हॉट्सॲपच्या स्कॅनरनेच हा कोड स्कॅन करा’ असं कुणी सांगितलं, तर तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या कॉम्प्युटरवर उघडू शकतं. सेटिंगमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी नाव दिसलं की काढून टाका.

चांगल्या कामाचे कोडही आहेत

बालभारतीच्या पुस्तकांतले कोड मुलांना माहीतच आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडायची सुरुवात केली, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दीक्षाच्या कोडखाली सहा अक्षरी संकेत छापलेला असतो. स्कॅन होत नसेल तर तोच दीक्षा ॲपमध्ये टाइप करा.

औषधांचंही तसंच. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर कोड बंधनकारक आहे. बॅच नंबर, मुदत, उत्पादक त्यात दिसतो. डिजिटल सातबारा मात्र महाभूमीच्या पोर्टलवर उताऱ्यावरचा १६ अंकी क्रमांक टाकून पडताळता येतो, फोटोवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

पैसे गेलेच तर

ताबडतोब १९३० ला फोन करा, उद्यावर ढकलू नका. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि आलेल्या कोडचा फोटो जवळ ठेवा, चॅट पुसू नका. बँकेलाही कळवा. तक्रार ‘सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन’ वर नोंदवता येते. ते जमत नसेल तर हेच सगळं घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा.