लोणारचा खड्डा आणि बर्फाचे चंद्र



इतिहास म्हटला की आपल्यापुढे बखरी, ताम्रपट, नाणी आणि किल्ले उभे राहतात. तेल्हाऱ्याच्या माणसाला तर चटकन नरनाळा आठवतो. पण ज्या काळी लिहिणारा माणूसच जन्मला नव्हता, त्या काळचा इतिहास कोठे शोधायचा? तो जमिनीच्या पाठीवर शोधायचा. तिच्यावरचे खड्डे, वळ आणि भेगा हेच तिचे दप्तर. हे दप्तर वाचायला माणूस कसा शिकला आणि वाचता वाचता गुरू व शनी यांच्या बर्फाळ चंद्रांपर्यंत कसा पोहोचला, ती हकीकत आज सांगायची आहे. तिचे एक टोक आपल्या वऱ्हाडातच आहे.

तेल्हाऱ्याहून शेगाव, खामगाव, मेहकर अशी वाट धरली म्हणजे आपण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला पोहोचतो. तेथे काळ्या पत्थरात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, वाटीसारखा गोल खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे तळे. लोकांनी याचा उलगडा आपल्या परीने केला. येथे लवणासुर नावाचा दैत्य राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने त्याचा वध केला, असे ते सांगत आले. दैत्यसूदनाचे देऊळ गावात आजही उभे आहे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे बहुतेक विद्वानांनी ठरवले, की हे ज्वालामुखीचे मुख असावे. तसे वाटणे साहजिकच होते, कारण दख्खनचा सारा पत्थर लाव्हारसाचाच बनलेला आहे.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिला. हा खड्डा त्या मानाने अगदी ताजा. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ या शास्त्रज्ञांनी तो उल्कापाताने पडला असावा, असे सुचवले. मग भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील त्यांचे सहकारी यांनी तळ्याच्या तळाखाली बोअर घेऊन खडकाचे नमुने तपासले. त्यात खडकाचे काही कण न वितळताच काचेसारखे झालेले आढळले. अशी काच होण्यास जो प्रचंड आणि एकाएकी दाब लागतो, तो ज्वालामुखीपाशी नसतो. १९७३ मध्ये हा निर्णय प्रसिद्ध झाला. खड्ड्याचे वय अलीकडच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते.

यातून एक किल्ली हाती येते. जमिनीच्या दप्तरात दोन हात लिहीत असतात. बाहेरचा हात आकाशातून धोंडे टाकून खड्डे पाडतो. आतला हात लाव्हा, पाणी किंवा बर्फ वर आणून ते खड्डे बुजवतो. पृथ्वीवर ऊन, पाऊस आणि नद्याही पुसण्याचे काम करतात. म्हणून लोणारसारखे पान आपल्याकडे क्वचितच शिल्लक राहते. तेव्हा जेथे खड्डे दाट, ती जमीन जुनी आणि आतून थंड. जेथे खड्डे थोडे, तेथे आतला हात अजून जागा आहे असे समजावे.

आता ही किल्ली घेऊन आकाशात जाऊ या. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने आपल्या लहानशा दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो ही त्यांची नावे. त्यानंतर साडेतीनशे वर्षे हे चंद्र म्हणजे केवळ प्रकाशाचे ठिपके होते. ठिपक्यावर काय वाचणार? १९७२ मध्ये त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून युरोपा आणि गॅनिमीड यांच्यावर पाण्याचा बर्फ असल्याचे निश्चित झाले. हा बर्फ आपल्या बर्फगोळ्याचा नव्हे, बरं का! तेथे उणे दीडशे अंशांच्याही खालची थंडी असते. बर्फ दगडासारखाच कठीण होतो आणि खड्डे जपून ठेवतो.

हे चंद्र झाले कसे? बाल्यावस्थेतील गुरूभोवती वायू आणि धूळ यांची एक चकती फिरत होती. तिच्यातून ते जमत गेले. गुरूजवळ ऊब जास्त, तेथे बर्फ टिकला नाही. दूर थंडी, तेथे खडकाबरोबर बर्फही भरपूर साठला. त्यांचे वजन याची साक्ष देते. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या मानाने आयो साडेतीन पट जड, युरोपा तीन पट, गॅनिमीड आणि कॅलिस्टो दोन पटींहूनही कमी. दूर जावे तसा बर्फाचा वाटा वाढत गेला.

मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर हे अमेरिकन यान गुरूजवळून गेले आणि ठिपक्यांचे मुलूख झाले. कॅलिस्टोवर खड्ड्याशेजारी खड्डा. तेथील एका जुन्या आघाताभोवती तर वलयांमागून वलये उमटली आहेत. विहिरीत धोंडा टाकावा आणि तरंग जागीच गोठावेत, तशी. गॅनिमीड सुमारे एक तृतीयांश काळा व जुना, बाकीचा उजळ आणि नांगरल्यासारख्या तासांचा. आणि युरोपा? तो जवळजवळ गुळगुळीत! मोठे खड्डे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. पण उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा भेगा मात्र गोलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे त्याचे दप्तर अलीकडेच पुसले गेले आहे. त्याचा पृष्ठभाग काही कोटी वर्षांपेक्षा जुना नसावा, असा आजचा अंदाज आहे.

आपल्या रानाला भेगा पडतात त्या वाळल्यामुळे. युरोपाच्या भेगांचे कारण निराळे. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. या ठरलेल्या चालीमुळे त्यांच्या कक्षा थोड्या लांबट राहतात आणि गुरू त्यांना कधी जास्त, कधी कमी ताणतो. तार सारखी वाकवली की ती वाकल्या जागी तापते ना? तसेच हे. या हिशेबावरून तिघा शास्त्रज्ञांनी आयो आतून वितळलेला असला पाहिजे, असे यान पोहोचण्याच्या अवघे काही दिवस आधी प्रसिद्ध केले होते. आणि यानाने तेथे खरोखरच जागते ज्वालामुखी टिपले. लोणारला नसलेला ज्वालामुखी आपण मानत होतो, आणि जेथे थंडगार गोळा अपेक्षित होता तेथे तो निघाला! कॅलिस्टो या चालीत नाही. म्हणून त्याचे दप्तर कोणी पुसले नाही.

शनीकडे तर याहून मोठे नवल आढळले. एन्सेलाडस हा चंद्र हर्शेलने १७८९ मध्ये शोधला. त्याची रुंदी सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते अकोला रेल्वेच्या अंतराहूनही कमी. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरील चार लांब भेगांतून पाण्याच्या वाफेची आणि हिमकणांची कारंजी उडताना दिसली. त्या भेगांना अरबी सुरस कथांतील शहरांची नावे दिली आहेत: बगदाद, दमास्कस, कैरो आणि अलेक्झांड्रिया. २००९ मध्ये त्या कणांत मीठ असल्याचे कळले. खारपाणपट्ट्यातील आपल्या मंडळींना याचा अर्थ सांगायला नको: पाण्यात खार उतरतो तो माती-खडकाच्या संगतीने. बर्फाखाली समुद्र आहे आणि तो खडकाला लागून आहे. पाणी, ऊब आणि खडकातली द्रव्ये एकत्र आली, की तेथे एखादा सूक्ष्म जीव असेल काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. याच प्रश्नाच्या तपासासाठी युरोपीय यान ज्यूस २०२३ मध्ये आणि अमेरिकेचे युरोपा क्लिपर २०२४ मध्ये गुरूच्या वाटेला लागले. दोन्ही साधारण २०३० आणि २०३१ च्या सुमारास तेथे पोहोचावीत अशी योजना आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा धडा शिकवायला खर्च नाही. गुरू रात्री वर असेल तेव्हा साधी दुर्बीण भिंतीला टेकवून धरा. त्याच्या शेजारचे ठिपके मुलांना दाखवा. मातीवर गोट्या टाकून खड्ड्यांचा ढंग समजावून द्या. आणि सहल काढाल तेव्हा लोणारला काढा. २०२० मध्ये या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले; पण यादी जपणूक करत नाही, माणसे करतात. ताम्रपट वितळवून कोणी भांडी केली, तर आपण हळहळतो. लोणारच्या काठावरचा दगड फोडणे, तळ्यात घाण सोडणे, हे त्याहून निराळे नाही. कोट्यवधी मैलांवरचे दप्तर वाचण्याची अक्षरे ज्या थोड्या पानांवर गिरवता येतात, त्यांतले एक पान आपल्या दाराशी आहे. ते फाटू देऊ नये.