कर्जाच्या वहीतला एक नवा रकाना



आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका सदस्येने कर्ज मागितलं. कारण सांगितलं, छातीची शस्त्रक्रिया. ही मैत्रीण पारलिंगी स्त्री आहे. म्हैस, शिलाई मशीन, पोरांची फी, यांना आम्ही कर्ज देतो. हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं? कुणीतरी 'हौस' म्हणालं. ती खाली बघत राहिली. मग आम्ही ठरवलं, आधी या शस्त्रक्रियेचा इतिहास जाणून घेऊ.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरात टिमी जीन लिंडसे यांच्या छातीत सिलिकॉनच्या पिशव्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. बाई गेल्या होत्या गोंदण काढायला. शस्त्रक्रिया सुचवली डॉक्टरांनी. त्यांना कुणी 'हौस' म्हटलं नाही. आमच्या मैत्रिणीला मात्र कारण पटवून द्यावं लागतं.

त्याच काळात पातळ सिलिकॉन थेट सुईने टोचण्याचाही प्रकार होता. ते अंगात पसरतं, गाठी होतात, फुप्फुसात गेलं तर जीवही जातो. ज्यांना दवाखाना परवडला नाही किंवा जिथे अपमान झाला, अशा कितीतरी पारलिंगी बायका या स्वस्त सुईकडे वळल्या. आजही वळतात.

पिशव्यांचीही चौकशी झाली. १९९२ साली अमेरिकी सरकारने सिलिकॉन जेलच्या पिशव्यांवर कडक निर्बंध घातले आणि २००६ साली अटींसह परवानगी दिली. या पिशव्या जन्मभर टिकतीलच असं नाही. पुढच्या तपासण्या आणि कधीतरी पुन्हा शस्त्रक्रिया, हा खर्चही आधीच धरावा लागतो. २०१२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी आधी किमान १२ महिने संप्रेरकांचे उपचार घ्यावेत असं सुचवलं, कारण त्यांनी छाती आपोआपही वाढते.

आपल्याकडे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगींची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार आणि त्याआधी-नंतरचं समुपदेशन यांची सोय करणं सरकारची जबाबदारी ठरवली.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा बसलो. कर्ज दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. पहिला हप्ता तज्ज्ञ डॉक्टरांच्या तपासणीला, दुसरा डॉक्टर सांगतील तेव्हा. सुईवाल्याकडे जायचं नाही, हा शब्द तिने दिला. दवाखान्यात तिच्यासोबत आमच्यातली एक जाईल, हा शब्द आम्ही दिला.

वहीत कारण लिहिलं, 'आरोग्य'. मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला, तर तुम्ही काय लिहाल?