खळाळत्या पाण्यात बुडती दोरी

फ्लाय फिशिंग करणाऱ्यांमध्ये एक मत इतकं रुळलेलं आहे की त्याला पुरावा मागावा असं कुणाला वाटतच नाही. बुडती दोरी तळ्यासाठी, तरंगती नदीसाठी. आणि नदी खळाळती असेल तर बुडत्या दोरीचं नावही काढू नये! मला हे मान्य नाही. पण पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो दुबळा नाही.

त्यांचं गणित असं : झपाट्याने बुडणारी दोरी स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर खाली जाते. प्रवाह सेकंदाला दीड मीटर आणि खोली १.२ मीटर असेल, तर तळ गाठायला ८ सेकंद लागणार आणि तेवढ्यात दोरी १२ मीटर वाहून जाणार. खडकाळ नदीत एवढी सलग धार मिळायची कुठे? शिवाय बुडालेली दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला सारता येत नाही, ट्राउटने तोंड लावलेलं दिसत नाही, आणि गळ दगडांत अडकतो ते वेगळंच.

गफलत त्या दीड मीटरमध्ये आहे. तो वेग पृष्ठभागावरचा. नदीचा विसर्ग मोजणाऱ्यांचा जुना ठोकताळा सांगतो की उभ्या रेषेतला सरासरी वेग पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर सापडतो. त्याखाली तो झपाट्याने उतरतो आणि मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला पाणी जवळपास थबकतं. ट्राउट तिथेच दबा धरून असतो. वरच्या धारेशी दिवसभर झुंजणं त्याला परवडत नाही. म्हणजे बुडती दोरी जसजशी खाली जाते तसतशी तिची वाहण्याची गती कमी होते आणि १२ मीटरचा हिशेब आखडतो. तरंगती दोरी मात्र सदैव सर्वांत वेगवान थरात राहते आणि तळाकडे निघालेल्या गळाला पुढे आणि वर खेचते. वजनदार गळ लावूनही ही ओढ पुरती जात नाही.

जाडीचा मुद्दा तर चर्चेत येतच नाही. दोऱ्यांचे क्रमांक ठरतात ते पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून. तेवढंच वजन घेऊन तरंगायचं तर दोरी पाण्याहून हलकी, म्हणून जाड असावी लागते. घनता दुप्पट केली तर त्याच वजनाच्या दोरीचा व्यास सुमारे सत्तर टक्क्यांवर येतो. बारीक दोरीला प्रवाह कमी रेटतो, एवढं साधं आहे हे.

प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर माँटानातली मॅडिसन नदी पाहावी. क्वेक लेक ते एनिस हा तिचा टप्पा ‘पन्नास मैलांचा खळाळ’ म्हणूनच ओळखला जातो. वेस्ट यलोस्टोनला राहणाऱ्या चार्ल्स ब्रूक्सने याच भागातल्या नद्यांत पाण्याखाली उतरून गळ कसा वाहतो ते पाहिलं आणि १९७६च्या ‘निंफ फिशिंग फॉर लार्जर ट्राउट’ या पुस्तकात आपली रीत मांडली. बुडती दोरी, आखूड लीडर (दोरी आणि गळ जोडणारा बारीक धागा) आणि स्टोनफ्लाय या किड्याच्या पिल्लाची, म्हणजे निंफची, वजनदार नक्कल. ही पिल्लं तीन-चार वर्षं तळाच्या दगडांत काढतात, पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि पोहण्यात अगदीच ढ असतात. पाय सुटला की तळाशी गडगडत जातात. म्हणून ब्रूक्सची नक्कल पाठ-पोट असा भेद नसलेली, चहूबाजूंनी सारखी. टाकायचं वरच्या अंगाला, जवळच. दोरी आपल्याकडे येताना रॉड उचलायचा, समोरून गेली की तिच्याबरोबर वळत खाली आणायचा. बुडण्याच्या काळात ताण नको. ताणलेली दोरी प्रवाहात पतंगासारखी वर चढते. बुडत्या दोरीवरचे बहुतेक दोषारोप मला या ताणापोटी झालेले दिसतात.

आता चेक पद्धतीचे कैवारी म्हणतील, आम्ही तर दोरी पाण्याला जवळजवळ लागूच देत नाही. बरोबर, आणि रॉडच्या आवाक्यात त्यांची पद्धत सरस आहे, हे मी निमूट मान्य करतो. पण दोरी पाण्यावर नको, हा त्यांचा आग्रह माझ्याच बाजूची साक्ष देतो : वरच्या थरातली जाड दोरी हाच शत्रू. रॉडच्या पलीकडे टाकायचं झालं की ती पाण्यात पडणारच. मग ती वर असावी की खाली, एवढाच प्रश्न उरतो.

तरंगता गळच खरा मानणाऱ्या हॅलफर्डच्या पंथाला पाण्याखाली गळ नेणंच कमीपणाचं वाटे. त्याला निंफचा पुरस्कर्ता स्क्यूज याने १९१०मध्येच उत्तर दिलं आहे. ती लढाई पुन्हा लढण्यात मला रस नाही.

उचलून सारण्याच्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तर टाकणं जवळचं ठेवायचं. दोरी वाहता वाहता थबकली की मासा समजून रॉड उचलायचा. डोळ्यांना दिसलं नाही तरी हाताला कळतं. लीडर मात्र लांब ठेवला तर सगळं मुसळ केरात : दोरी तळाशी आणि गळ मधल्या पाण्यात. चार ते सहा फूट पुरे. अडकण्याचं म्हणाल, तर अडकतो. तळाशी चालवायचा म्हटल्यावर काही निंफ दगडांना द्यावेच लागतात, आणि सेकंदाला दोन मीटर धावणाऱ्या, गळ्याइतक्या खोल धारेत तर मीही बुडती दोरी काढणार नाही. तिथे पाय ठरत नाहीत.