जालन्यात ऐकलेला रेडिओ : एक दिवस

स्मरणिकेसाठी ‘आपल्या गावाच्या इतिहासावर काहीतरी द्या’ असा कमिटीचा निरोप आला. मस्तगड, मोती तलाव, आनंदी स्वामी यांवर जाणकारांनी भरपूर लिहिलंय. मी घरातल्या फळीवरचा इतिहास घेतो, म्हणजे रेडिओ. त्यातही गाणी नाहीत. बिनाकावर सगळेच लिहितात. मला सांगायचंय ते रेडिओवरच्या बोलण्याबद्दल : बातम्या, भाषणं, शेतीच्या गप्पा, नभोनाट्य, बाजारभाव.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. त्या काळी जालन्याला स्वतःचं केंद्र नव्हतं. आपण जे ऐकलं ते दुसऱ्या गावाहून आलेलं. आणि कुठल्या गावाहून, हे बऱ्याच वेळा राज्य कुणाचं यावर ठरलं.

निजामाच्या राज्यात हैदराबादचा ‘दक्कन रेडिओ’ होता, त्याचा कारभार मुख्यतः उर्दूत. औरंगाबादलाही सरकारचं एक छोटं केंद्र होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, जालन्यातही हैदराबादच्या फौजेनं प्रतिकार केला. पण सगळं संपलं हे लोकांना कळलं ते १७ सप्टेंबरला, जेव्हा निजाम स्वतः रेडिओवर बोलले आणि युद्धबंदी जाहीर केली. ज्या दिवसाला आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडावंदन करतो, त्या दिवसाची बातमी अशी खुद्द हरलेल्या राजाच्या तोंडून आली. तेव्हा गावात सेट मोजकेच. ज्याच्याकडे असेल त्याच्या ओट्यावर गर्दी.

पुढे १९५६ च्या सुरुवातीला पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, नंतर चर्चा करायची, प्रश्न केंद्राला पाठवायचे. कल्पना मूळची कॅनडातली. पण मराठवाड्यातलं एकही गाव त्यात नव्हतं, कारण आपण तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होतो. मुंबई राज्यात आलो ते त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. थोडक्यात हुकलं म्हणायचं!

आता दिवस सांगतो, साधारण १९८० च्या आसपासचा.

सकाळी आकाशवाणीची ती ओळखीची धून, मग वंदे मातरम्. सातला पाच मिनिटं कमी असताना दिल्लीहून संस्कृत बातम्या. त्या १९७४ साली सुरू झाल्या. कळत कुणालाच फारसं नव्हतं, पण बलदेवानंद सागर हे नाव शाळकरी पोरांनाही पाठ. तो आवाज आला की आंघोळीला पळायचं. मग पुण्याहून प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणे यांच्या आवाजात. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. त्या संपल्या की ऑफिसला निघायचं, घड्याळ बघायची गरज नाही.

मुंबईचं ‘ब’ केंद्र, ५५८ किलोहर्ट्झ, दिवसा खरखरत यायचं आणि अंधार पडला की स्वच्छ. मध्यम लहरींचं तसंच असतं. दिवसा त्या जमीन धरून चालतात, रात्री आकाशातल्या वरच्या थरावर आपटून लांब येऊन पडतात. म्हणून ‘वनिता मंडळ’ ऐकायला दुपारी सेट खिडकीकडे वळवावा लागे. ‘पुन्हा प्रपंच’ मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, हे तर घरातलेच झाले होते. पण खरं सांगू? त्यांचं मराठी आपलं नव्हतं. गोड होतं, हसू यायचं, पण आपल्याकडं ‘काय करायलास’ म्हणतात आणि तसं बोलणारं त्या सेटमधून कुणी येत नसे.

ते आलं परभणीहून. परभणी केंद्र १९६८ साली सुरू झालं, १३०५ किलोहर्ट्झ. तेव्हा आपला जिल्हाही झालेला नव्हता. जालना, अंबड, भोकरदन औरंगाबादमध्ये आणि परतूर परभणीत. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झालं आणि तिथले शास्त्रज्ञ संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात येऊ लागले. कपाशीवरची बोंडअळी, ज्वारीवरची खोडमाशी, मोसंबीची गळ, असल्या विषयांवर शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत गप्पा. आपलं गाव बियाण्याचं, त्यामुळे हा कार्यक्रम शेतात ऐकत तसाच मोंढ्यातल्या दुकानातही. नंतर बाजारभाव. तेवढी मिनिटं अडत्याच्या दुकानात कुणी बोलत नसे. भाव कानावर पडलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी मोंढ्यात वेगळ्या आवाजात बोलायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मते रेडिओनं आपल्या भागाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच, नाटकं-बिटकं नंतर.

रात्री बीबीसीची हिंदी सेवा, शॉर्टवेव्हवर, काटा केसभर सरकवत. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींवर सकाळी गोळ्या झाडल्या. आकाशवाणीनं निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी सहाला. बीबीसीनं त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं. त्या दिवसानंतर बरेच लोक आधी इकडची आणि मग तिकडची, अशा दोन्ही बातम्या ऐकून मगच बोलायला लागले.

साडेआठच्या मराठी बातम्या २०१७ साली दिल्लीहून मुंबईला हलल्या. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह जानेवारी २०२० अखेर थांबलं. आता आपल्या गेटवरचा वॉचमन आकाशवाणी मोबाईलवर ऐकतो, खरखर नाही, काटा नाही.

एक विनंती. पूर्वी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे. दरवर्षी पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते रद्द झालं. कुणाच्या ट्रंकेत असं पुस्तक निघालं तर वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात ठेवायला द्यावं. माझ्याकडे मर्फीचा सेट आहे. वाजत नाही, पण टेबलावर ठेवता येईल.