पारशाची गाडी

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला सेकंडहँड सेडान घ्यायची आहे. २०१८ चं मॉडेल, पेट्रोल, चोपन्न हजार किलोमीटर चाललेली. सोबत तपासणीचा भलामोठा रिपोर्ट. टायरची नक्षी किती मिलिमीटर उरली आहे इथपर्यंत सगळं त्यात. तो मला पाठवून म्हणाली, "मामा, घेण्यासारखी आहे का सांग ना." मी रिपोर्ट वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "मालक कोण आहे?" ती हसायलाच लागली. "अरे, मालक नाही घ्यायचाय मला, गाडी घ्यायचीय!"

फोन ठेवल्यावर विचार करत बसलो, की हाच प्रश्न आपल्या तोंडून आधी का आला? आणि मन थेट १९७८ सालात गेलं.

तेव्हा आम्ही दादरला दोन खोल्यांत राहायचो. धाकट्या भावाला पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर. रोजची शाळा आणि आठवड्यातून तीनदा हाजी अलीला व्यायाम. बसमध्ये त्याला चढवणं म्हणजे दिव्य. काकांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला होता की गाडीपेक्षा टॅक्सीच स्वस्त पडेल. अण्णा एवढंच म्हणाले, "पावसात टॅक्सी थांबत नाही." झालं, गाडी घ्यायचं ठरलं.

पण नवी गाडी तेव्हा पैसे टाकले की मिळायची नाही. नंबर लावावा लागायचा, आणि नंबर यायला वर्षं जायची. याचं मूळ पन्नाशीच्या दशकात आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण घेतलं की बाहेरून भाग आणून नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथेच बनवायची तयारी असेल त्यानेच राहावं. ते कारखाना बंद करून गेले. मग साठच्या दशकात सामान्य माणसाला घेता येण्याजोग्या मोटारी तीनच उरल्या. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. गोल पाठीची जुनी फियाट, जिला मुंबईत सगळे 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ती जाऊन १९६४ साली डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तीच आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. नाव बदललं, गाडी तीच. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर.

किती गाड्या बनवायच्या ते लायसन्सवर ठरायचं, किंमतही सरकार बांधून द्यायचं. माल कमी, भाव बांधलेला, मग जे व्हायचं तेच झालं. ज्याचा नंबर लागला तो शोरूममधून गाडी काढायचा आणि वर 'ऑन' घेऊन विकायचा. जगभर नवी गाडी रस्त्यावर आली की तिची किंमत पडते. आपल्याकडे चढायची!

इथे एक गंमत सांगतो. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगली गाडीवाला बाजारात येतच नाही आणि खराब गाड्याच उरतात. हा निबंध त्याने १९६७ मध्ये छापायला पाठवला आणि पुढचं वर्षभर तो भारतात राहायला आला. पहिलं नकाराचं पत्र त्याला इथेच मिळालं! शेवटी १९७० साली तो छापून आला आणि २००१ साली नोबेल मिळालं. ज्या देशात जुनी गाडी नव्याच्या वर भाव खात होती, त्याच देशात बसून त्याने ते पत्र वाचलं, याची मला फार मौज वाटते.

म्हणजे आपल्याकडे खोड लपवणं नव्हतं असं नाही. ते होतंच. पण आपला घेणारा गाडीसोबत वेळही विकत घेत होता, त्यामुळे खोड दिसली तरी पैसे मोजायचा. आणि न दिसणाऱ्या खोडीवर मुंबईने स्वतःचा एक तोडगा काढला होता, तो म्हणजे पारशी मालक. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत 'पारसी ओन्ड' हे शब्द असले की भाव वाढायचा. पारशीबाबा गाडी रोज पुसतो, इंजिनाला कानाची काळजी घ्यावी तसा जपतो, अशी ख्याती. गाडी तपासता येत नसेल तर माणूस तपासा, असा तो हिशेब. (त्या सगळ्या जाहिराती खऱ्या धरल्या तर मुंबईतल्या प्रत्येक पारशाकडे निदान चार गाड्या असायला हव्या होत्या. असो.)

आमची गाडी अशाच जाहिरातीतून आली. १९६७ ची डिलाइट, पारसी ओन्ड, सिंगल हँड. गिरगावातल्या दलालाकडे अण्णा मला आणि आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या उस्तादला घेऊन गेले. उस्तादने आधी बॉनेटवर हात ठेवला, इंजिन थंड आहे ना बघायला. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन लगेच सुरू होतं, त्यात रोग लपतो. मग सुरू करून ऑइलचं झाकण काढलं. भक्कन धूर आला. "रिंगा गेल्यात." खिशातून लोहचुंबक काढून दारांच्या खालच्या कडेला लावलं, ते गळून पडलं. म्हणजे पत्रा सडलेला, लांबी भरून वर रंग मारलेला. मुंबईची खारी हवा! टिळक पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेली तर इंजिन नुसतंच ओरडलं. क्लच प्लेटही संपलेली. शेवटी अण्णांनी आरसी बुक उघडलं. पहिलं नाव पारशी होतं खरं, पण त्याखाली आणखी दोन नावं होती. दलाल म्हणाला, "मूळ पारशाचीच ना, साहेब!"

उस्ताद स्पष्ट म्हणाला, घेऊ नका. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुरुस्त होईल का, एवढंच सांग." तो म्हणाला, इंजिन होईल, खालचा पत्रा हा पावसाळा काढणार नाही. एकोणीस हजारांची गाडी सतरा हजार दोनशेला ठरली. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या.

पत्र्याने पावसाळासुद्धा पाहिला नाही, जूनच्या पहिल्याच सरीत पाणी आत आलं. भावाचे कॅलिपरचे बूट भिजले, आणि ते चामडं सुकलं की कडक होऊन त्याच्या घोट्यांना लागायचं. आईने त्या दिवशी पहिल्यांदा पाटल्यांचा विषय काढला, आणि नंतर कधीच काढला नाही. उस्तादने नवा पत्रा मारून दिला. भाऊ मात्र सहा वर्षं एकदाही शाळेला उशिरा पोचला नाही. १९८४ साली ती गाडी सोळा हजारांना गेली!

तोवर वारं फिरलं होतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली. पुढे नव्वदीनंतर कंपन्या आल्या, कर्जं आली, नवी गाडी आठवड्यात दारात यायला लागली. वेळेला किंमत उरली नाही, आणि आपला जुन्या गाड्यांचा बाजार अकेरलॉफने लिहिला होता तसा झाला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

तर पुन्हा भाचीचा रिपोर्ट. गाडीचा नंबर एमएच १०, म्हणजे सांगली. मी तिला परत फोन केला आणि विचारलं, "ऑगस्ट २०१९ मध्ये, पुराच्या वेळी, ही गाडी कुठे उभी होती?" रिपोर्टमध्ये ते नव्हतंच. रविवारी ती मालकाकडे गेली, मी सांगितल्याप्रमाणे मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती.

ती गाडी तिने सोडली. पुढच्या रविवारी दुसरी बघायला जाणार आहे, तेव्हा धाकट्या मामाला सोबत नेते म्हणाली. त्याला वाकून खाली बघता येत नाही, पण मॅट उचलून बघायला तो विसरायचा नाही.