यात्रा आणि जत्रा : एका धातूची दोन घरे

प्रतापगड म्हटले की जावळीच्या खोऱ्यातला किल्ला आठवतो. आम्हाला येथे अभिप्रेत आहे तो गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, झाडीपट्टीतला प्रतापगड. तेथे महादेवाचे स्थान आहे, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे, आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी गर्दी लोटते. अशा गर्दीला छापील मजकुरात 'यात्रा' म्हणतात. बोलताना तोंडात 'जत्रा' येते. शब्द दोन, धातू एकच : 'या', म्हणजे जाणे.

आरंभीच्या 'य'चा 'ज' होणे हा प्राकृताचा नियम होय. योगी–जोगी, योग्य–जोगा, यव–जव ही त्याचीच उदाहरणे. प्राकृतात यात्रेचे रूप 'जत्ता' असे होते. आपल्या 'जत्रे'त 'ज' प्राकृताचा आहे, तर 'त्र' संस्कृताची आठवण राखून आहे. म्हणजे हा शब्द दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर उभा आहे.

गावाच्या नावातही हीच कथा आहे. 'प्रताप' हा शब्द 'तप्' धातूचा. तप, ताप, संताप, पश्चात्ताप ही त्याची तत्सम भावंडे. 'दीप'चा जसा 'दिवा' झाला, तसा 'ताप'चा 'ताव' झाला. तावून-सुलाखून, तावातावाने ही बोलणी त्यातूनच आली. तत्सम शब्दही लोकांच्या तोंडी बदलतात. 'हे सारे तुझेच प्रताप!' या वाक्यात पराक्रमाचा लवलेशही नाही.

मात्र या भावंडांची वाटणी समान झाली नाही. 'गर्भिणी' आणि 'गाभण' मुळात एकच. पण पहिला शब्द स्त्रीला लाभला आणि दुसरा गोठ्यात गेला. फ्रेंचमध्येही असेच घडले. लॅटिन 'त्राहेरे' म्हणजे ओढणे. लोकांच्या जिभेवर झिजून त्याचे 'त्रेर' झाले, अर्थ उरला दूध काढणे. त्याच धातूचा, पण पंडितांनी लॅटिन ग्रंथांतून उचललेला शब्द 'अब्स्त्रे', म्हणजे अमूर्त. एक शब्द गाईपाशी राहिला, दुसरा तत्त्वज्ञाच्या मेजावर गेला. मराठीच्या या घडणीचा पद्धतशीर इतिहास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानेच लिहिला, हे येथे सहज आठवते. त्याचा ग्रंथ 1920 साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला.

हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. झाडीपट्टीतल्या विद्यार्थ्याने निबंधात 'जत्रा' लिहिले की त्याखाली लाल रेघ ओढून 'यात्रा' करणारे शिक्षक आम्हाला ठाऊक आहेत. या दुरुस्तीमागे एक समज असतो : तत्सम ते शुद्ध, तद्भव ते बिघडलेले. इतिहास नेमका उलट सांगतो. मराठीतले कितीतरी तत्सम शब्द ग्रंथांतून पुन्हा उसने आणलेले आहेत. तद्भव मात्र पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून अखंड चालत आले आहेत. उच्चार बदलला तो नियमाने बदलला, अज्ञानाने नव्हे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी प्राकृतालाही तो मिळाला. 'गाथासप्तशती'च्या महाराष्ट्री प्राकृताशी आपले नाते आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच प्राकृताच्या वाटेने आलेला शब्द वर्गात अशुद्ध कसा ठरतो? यात्रा आणि जत्रा यांच्या अर्थांत आता थोडे अंतर पडले आहे, ते विद्यार्थ्याला जरूर समजावून द्यावे. त्याच्या घरच्या शब्दावर रेघ मारण्याचे मात्र कारण नाही.